परिषदेचे साहेब मोरव्याला जेवले

आमची नात वैदेही वकील झाली, हे तुम्हाला माहीतच आहे. जगभरच्या वकिलांची परिषद कुठल्या शहरात भरवायची, ते ठरवणारे साहेब आले होते. ती आपल्याकडेच व्हावी म्हणून तिने जिवाचं रान केलं. त्यांना वरसाव्याचं हॉटेल दाखवलं आणि जेवायला मोरव्याला आमच्या घरी आणलं. मला आधीच दम भरला, "आजी, आपल्या मिठागराच्या केसचं नाव काढायचं नाही."

मी कशाला काढतेय? पण त्यांचं इंग्रजी पत्रक मी वाचताना पाहून परदेशी साहेबांनीच विचारलं, "आजी, इंग्रजी वाचायला कुठे शिकलात?"

आता खोटं का बोलू? म्हटलं, "शाळेत कोणी घातलं नाही. सासऱ्यांनी जमिनीची केस घातली, तिचे कागद वाचत शिकले. केस चालू आहे, तोवर शिक्षणही चालू आहे."

वैदेहीने मान खाली घालून हे इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी आणखी कोलंबी वाढून घेतली.

निघताना म्हणाले, "आज काही सांगता येणार नाही. पुढच्या बैठकीत बघू."

वैदेही रडवेली झाली. "आजी, घालवलंस ना सगळं?"

"वेडी आहेस. त्यांना इथलं सगळं जमायला लागलंय. पहिल्याच दिवशी पुढची तारीख दिली."