सहा तारांचा पहारा

...सोप्पं आहे म्हणं! सोप्पं! त्या मोबाईलमधल्या मास्तरला एकदा ज्येष्ठातल्या उन्हात सहा तास उभं करा, मग विचारा काय काय सोप्पं हाय ते! हसू नका, आधी ऐकून घ्या. ह्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर ह्या तोंडाला जन्मात धोंड्याचा घास मिळू नये. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. म्हणजे, निम्मं घडलं मुरुडला आन् मी राहतो विष्णुपुरीला, ती गोष्ट अलग. पण माझ्या मेव्हणीनं तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं, बहिणीनं मला सांगितलं. दोघी सख्ख्या बहिणी सव्वा तास बोलल्यावर डोळ्यांदेखत घडायला आनखी काय शिल्लक राहतंय, तुम्हीच सांगा!

तर माझे साडू, वैजनाथराव. लाइटच्या हापिसात लाइनमन. वय पंचेचाळीस, बोटं अशी जाड की एका बोटात आपली दोन निघतील. अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली उभा राहून निवांत पान खाणारा माणूस! त्याला काय कमी व्हतं? पण तीन सालामागं धोंड्याचा महिना आला. अधिक मास हो, तीन वर्षांतून एकदा येतो तो. जावई सासुरवाडीला जातो, पुरणाचं धोंडं खातो आन् येताना सासऱ्याकडनं काहीतरी घेऊन येतो. कुणी अंगठी आणतो, कुणी मोटारसायकल, कुणी सासऱ्याची झोपच घेऊन येतो.

आमचे सासरे ग्यानोबा. उमरीच्या पल्याड गाव, पाच एकर रान, दोन पोरी, दोन जावई आन् एक पेटी. भजनाची पेटी! म्हाताऱ्याचा जीव जावयात कमी, पेटीत जास्त. त्यांनी पंगतीत विचारलं, "बोला जावईबापू, काय देऊ?" मोठ्या जावयानं, म्हणजे मीच तो, अंगठी मागितली. शहाण्या माणसानं मागावं ते मागितलं. आन् ह्या धाकट्यानं काय मागावं?

"मामा, मला गिटार पायजे."

ग्यानोबानं हातातला घास ताटात ठेवला. "गिटार? वाजवणार कोण?"

"मी."

"शिकवणार कोण?"

ह्यानं खिशातून मोबाईल काढून दाखवला. "ह्यो."

म्हातारा असा हसला, असा हसला की ठसका लागला. आन् तिथंच आमच्या साडूची खोपडी फिरली. भरल्या पंगतीत उठून उभा! "मामा, पुढच्या धोंड्याला ह्याच वसरीवर वाजवून दाखवतो. न्हाई वाजवली तर तुमच्या घरचं धोंडं पुन्हा तोंडाला लावणार न्हाई!"

आता जावयानं सासुरवाडीचं धोंडं सोडायचं म्हणजे काय चेष्टा हाय? त्याची बायको पूनम जागच्या जागी पांढरी पडली. माहेर तिचं, धोंडं तिच्या आईच्या हातचं, आन् पैजेवर लावून राहिला कोण, तर नवरा! पण तीर सुटला व्हता. मुरुडला गिटार आली, मोबाईल पाण्याच्या माठाला टेकवून उभा केला, आन् मास्तर प्रकट झाले.

तुम्हाला सांगतो, काय तो अवतार! डोक्यावर उलटी टोपी, पाठीमागं निळा बल्ब, आन् चेहऱ्यावर असं हसू की जणू ह्यानंच आपली गाय व्यायला लावली. "हॅलोऽऽ मित्रांनो! आज आपण शिकणार आहोत जी कॉर्ड. हे बोट इथे, हे बोट इथे, आणि हे बोट... इथे! झालं! सोप्पं आहे, मित्रांनो!"

सोप्पं! वैजनाथरावानं पहिलं बोट ठेवलं, तीन तारा दबल्या. दुसरं ठेवलं, सहाच्या सहा दबल्या. तिसऱ्याला जागाच न्हाई! उजव्या हातानं छेडली तर आवाज आला, ठप्प! शेजारीण म्हणली, "पूनमबाई, दार वाजलं बघा कुणीतरी."

बरं, धडा रंगात आला की लाइट जाणार. लाइट गेली की वायफाय बंद, मास्तर तोंड उघडं ठेवून थिजलेले, आन् लगेच गावभर फोन सुरू, कुणाला? लाइनमनला! "वैजनाथराव, लाइट कव्हा येणार?" मग काय, गिटार खाली, वैजनाथराव वर. खांबावर! आन् तिथं तरी कामात ध्यान असावं का न्हाई? एका हातानं खांब धरलाय, दुसऱ्या हाताची बोटं हवेत वाकडी करून जी कॉर्ड घोकतोय! खाली मोटार चालू व्हायची वाट बघणारे शेतकरी वरडून राहिले, "अवो, सोडा तार! शॉक लागला काय?" एकानं तर वाळकं लाकूड घेऊन शिडी लावली, ह्याला पाडून वाचवायला!

बोटांना असे घट्टे पडले, असे घट्टे पडले की हापिसातल्या हजेरीच्या मशीनला बोट ओळखू येईना. सतरा दिवस रोज कामावर जाऊन माणूस गैरहजर! साहेब म्हणला, "वैजनाथ, हे बोट तुझंच हाय का रे?" ह्यानं काय सांगावं? तीन सालात हाताचं बोट पण आपलं राहिलं न्हाई म्हणून सांगावं?

आन् मग आला तो एफ. देवा रे देवा! जो कुणी गिटार माळ्यावर टाकून देतो ना, तो ह्या एफलाच भिऊन. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं आन् बाकीची बोटं कुठं कुठं. आता इथं तरी जाड बोटाचा फायदा व्हावा का न्हाई? न्हाई! जी धरताना सगळ्या तारा आपोआप दबायच्या, आन् इथं दाबायच्या म्हणलं तर एक दबंना! मास्तर आपले हसतायत. "थोडा सराव करा, सोप्पं आहे, मित्रांनो!" मधीच ठिबकच्या पाइपाची जाहिरात. ती संपली की मास्तर पुन्हा तिथंच. वैजनाथरावानं खाली लिहून पाठवलं, 'सर, मी मुरुडहून, एफ निघत नाही, इज्जतीचा सवाल आहे.' तर मास्तरचं उत्तर काय यावं? एक लाल बदाम. बास! बदामानं एफ निघतो का हो?

तीन साल गेलं. पूनम म्हणली, "अवो, लोकाची पोरं पहिलीतून चौथीत गेली. तुम्ही अजून तार लावूनच राहिलात. वाजवणार कव्हा?" हा म्हणला, "मूड येऊ दे." आन् मूड यायच्या आधी आला धोंड्याचा महिना!

ग्यानोबाचा फोन. "जावईबापू, या मग. तुमच्या सासूनं, कावेरीबाईनं, पुरण घातलंय. गावात सप्ताह पण बसलाय, ऐकायला माणसं भरपूर हायत." काय तो मान, काय ती मऊ जीभ! खाटकानं बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

गेले. एस्टीत गिटार मांडीवर उभी, कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं. उमरीला उतरेस्तोवर उन्हानं आन् धक्क्यांनी सगळ्या तारा सैल. पुन्हा लावायच्या म्हणलं, तर मोबाईलमधली ती सूर दाखवणारी सुई रेंज मागून राहिली, आन् सासुरवाडीला रेंज फक्त उकिरड्यावर येते! मग कसं करावं? समोर सासऱ्याची पेटी. म्हातारा काळी चारच्या पट्टीत गातो हे ठाऊक. ह्यानं पेटीची काळी चार दाबली आन् लाइनमनचं डोकं लावलं. तीन फेज असोत नायतर सहा तारा, लोड सगळ्यांवर सारखा पायजे! एकीवर जास्त, एकीवर कमी, मग खांबावरची डीपी जळणार न्हाई तर काय? लावल्या पठ्ठ्यानं सहाच्या सहा तारा काळी चारला! जाड तारा खालच्या सुरात, बारीक वरच्या, पण सूर एकच.

आता मास्तरची एक तरी कॉर्ड त्यावर वाजंल का? जी धरली, सासू-सुनांचं भांडण. सी धरली, ग्रामसभा. आन् सगळी बोटं उचलली की? झूंऽऽ... शांत, गोड. बोट लावलं की भांडण, काढलं की समाधान! पूनमला म्हणला, "चल, दोनची एस्टी हाय, निघू." ती म्हणली, "निघा तुम्ही. मी आईच्या हातचं धोंडं खाऊन येते, पुन्हा मिळायचं न्हाई."

तेवढ्यात मारुतीच्या देवळातनं एक माणूस पळत आला, "ग्यानोबा, विणेची तार तुटली!"

सप्ताहातली वीणा ठाऊक हाय ना? सात दिवस, आठी पहार, एक ना एक माणूस ती गळ्यात घालून उभा. दोन दोन तासांचा पहारा. थांबवायची न्हाई, बसायचं न्हाई, आन् जमिनीला तर टेकवायचीच न्हाई. दुसरा येऊन आपल्या गळ्यात घेईस्तोवर सुटका न्हाई. आन् अशा विणेची भर बारा वाजता तार तुटली. नवी तार आणायला माणूस नांदेडला, तोवर?

ग्यानोबानं जावयाकडं बघितलं. जावयाच्या मांडीवर बघितलं. उठले, एक तार छेडली. मग सगळ्या छेडल्या. झूंऽऽ! पुन्हा छेडल्या.

"चला देवळात."

देवळात दोन म्हातारे आडवे आले, "ही चालंल का?" ग्यानोबा म्हणले, "तार हाय. सूर हाय. गळ्यात घालायला पट्टा हाय. मारुतीनं कव्हा विचारलं का, तुझी भाषा कोणती?" गिटारीला हार घातला, वैजनाथरावाच्या कपाळाला बुक्का लावला, आन् केलं उभं! रामकृष्ण हरी, झूंऽऽ. रामकृष्ण हरी, झूंऽऽ. एक कॉर्ड न्हाई, एक बोट न्हाई. तीन सालात पहिल्यांदाच, तुम्हाला सांगतो, खरोखरच सोप्पं!

दोन वाजले. दोनला नागप्पाचा पहारा व्हता, पण त्याला ऊन लागलं, आलाच न्हाई. तीन वाजले. वैजनाथरावाच्या पायाला मुंग्या, पाठीतून घाम. चार वाजले. चारचा गडी म्हणला, माझ्या गळ्यात वीणाच पायजे, तार येईस्तोवर ह्योच उभा राहू दे. बातमी शिवारात गेली, बाया-माणसं बघायला लोटली. मग ग्यानोबा पुढं बसले, पेटी ओढली, आन् असा अभंग उचलला की देवळाचा पत्रा घुमला. संपल्यावर डोळे पुसत म्हणले, "जावईबापू, तीन सालात एवढंच शिकलाव का?"

"हाव मामा. एवढंच."

"मग बरोबर शिकलाव. जास्त शिकलेली माणसं मधी मधी थांबतेत."

आन् मागनं कावेरीबाई ताट घेऊन आल्या. जावयाला बसता येईना, हात मोकळा करता येईना. सासूनं डोक्यावरचा पदर सावरला, धोंडं तुपात बुडवलं आन् उभ्या जावयाला, चारशे माणसांत, आपल्या हातानं भरवलं! पूनम हसून राहिली का रडून राहिली, कळंना. हा खातोय, छेडतोय, खातोय, छेडतोय. तीन साल जी गिटार हातात धरवत नव्हती, ती आता खाली ठेवायची सोय न्हाई! सहा वाजता सुटका झाली, ती पण मास्तरनं न्हाई, नांदेडच्या तारेनं केली.

आता... शपथ घेतलीय म्हणून सांगतो. ते अर्धं तिकीट खोटं, कंडक्टर बिचारा काही बोलला न्हाई. ते वाळकं लाकूड पण जरा खोटंच. आन् नागप्पा. नागप्पाला ऊन-बीन लागलं नव्हतं. नागप्पा नावाचा माणूसच न्हाई गावात. दोनचा पहारा माझा व्हता. मी लिंबाखाली बाजेवर पडलेलो, पाच धोंडी खाऊन, चांगला जागा. म्हणलं, तासाभरात ह्याचं पितळ उघडं पडंल, जाऊ दे की! अंगठी मला मिळाली आन् तीन साल घरात चर्चा ह्याच्या गिटारीची, कुणालाही वाटंल का न्हाई?

पहाऱ्याची यादी ग्यानोबाच्याच हातात. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात, अंगठीच्या जागी, टाळांची जोडी. "पहाटे पाचला काकडा हाय, जावईबापू."

रातच्याला उकिरड्यावर उभा राहून मोबाईलवर बघितलं. टाळाचे पण धडे हायत हो. एकवीस! आन् पहिल्याच धड्यात तीच उलटी टोपी, तोच निळा बल्ब...

"हॅलोऽऽ मित्रांनो!"