काकांच्या कॉम्प्युटरचं विसर्जन

कॉम्प्युटर दुरुस्तीत माझा हात कुणी धरणार न्हाय, हे तुम्हाला ठाऊक हाय. तुळजापुरात आमच्या पुजारीकाकांच्या लॉजवरचा कॉम्प्युटर चालू व्हायला लई वेळ घ्यायचा, अन् भाविक काउंटरवर ताटकळायचे. बघतो तर चालू होतानाच अकरा प्रोग्राम आपोआप उघडत होते.

"काका, ह्यांना बोलावलं कुणी?"

"आवाहन मीच केलं असंल. विसर्जन राहिलं बघ."

मी एकेकाचं आपोआप उघडणं बंद करत गेलो. काका सवयीनं प्रत्येकाला अक्षता वाहून विसर्जनाचा मंत्र म्हणत होते. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर एक प्रोग्राम हजर. माझ्याच नजरेतून सुटला होता.

"हा कसा काय आला रे?"

"काका, तुम्ही सगळ्यांना 'पुनरागमनाय च' म्हणालात. ह्यानं मनावर घेतलं."