ओढ्यानं केलेली वाटणी

नेकनूरच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी आणि त्यांचा मेव्हणा बोलत बसले होते.

"दाजी, औंदा लई पाणी झालं. रानाचं कसं काय?"

"माझं रान डोंगराच्या पायाला. ओढा खाली उतरला की त्याचा जोर संपतो. समदे धोंडे-गोटे माझ्यात टाकून देतो."

"आन् माती?"

"ती पुढं पंख्यावानी पसरते, सोपानच्या रानात. धाकट्या भावाला कोपरापर्यंत गाळ, मला गोटे!"

"पण वाटणीत वरचं रान तुमीच मागितलं होतं ना?"

"तवा रस्ता जवळ म्हणून मागितलं. त्याची तूर बघितली का? माणूस दडंल एवढी. माझी गुडघ्याला."

"मग बोला की त्यांच्याशी."

"तोच आलता परवा. म्हणला, दादा, पाच वर्सं रानं बदलून करू."

"लई चांगलं झालं की! मग?"

"मी न्हाई म्हणलं."

"कावून?"

गाडी लागली. दाजी उठले, पण चढले नाहीत.

"त्यानं गोट्यातबी तशीच तूर आणली, तर?"