रिकामा परत आलेला हंडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे आधारस्तंभ माननीय पुंडलिकराव. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, म्हणजे पालघरहून, वेळात वेळ काढून आलेले आणि पुढच्या कार्यक्रमाला जायचं असल्यामुळे घड्याळ उलटं मनगटाच्या आत घालून बसलेले प्रमुख पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या किनारा लोकसंग्रहालयाचे मावळते अभिरक्षक केदारसाहेब. व्यासपीठावरील इतर मान्यवर. व्यासपीठावर खुर्ची न उरल्यामुळे पहिल्या रांगेत बसावं लागलेले तितकेच मान्यवर. आणि चिंचणी-तारापूर, दांडी, थेट दातिवऱ्यापासून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालिका प्रतीक्षाताईंनी माझी ओळख 'ज्येष्ठ कारागीर रामनाथभाऊ' अशी करून दिली. त्यांचे आभार मानतो आणि दोन किरकोळ दुरुस्त्या सुचवतो. ज्येष्ठ व्हायला मला अजून अवकाश आहे. रेल्वेची सवलत होती तेव्हाही मला मिळत नव्हती. आणि कारागीर म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं होतं. मी डाय बनवतो. सोनाराकडे तुम्ही जी नक्षीदार बाळी बघता, तिची नक्षी आधी कुणीतरी पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी कोरलेली असते. तो कुणीतरी म्हणजे मी. मला हे कुणी शिकवलं नाही. बिघडलेले ठोकळे गोळा करून ते का बिघडले हे बघत मी शिकलो. त्यामुळे कुठलीही गोष्ट बघितली की आधी ती कुठे चुकली ते मला दिसतं. ही सवय घरात फारशी आवडत नाही. संग्रहालयाच्या सल्लागार समितीत तर मुळीच आवडली नाही, हे केदारसाहेब मोठ्या मनाने मान्य करतील.

असो. निरोपाच्या भाषणात गुण सांगायचे असतात. साहेबांच्या गुणांची सुरुवात कुठून करावी?

साहेब येण्यापूर्वी आपलं संग्रहालय म्हणजे एक दालन, एक पंखा आणि पेंढा भरलेली एक मगर होती. ती मगर इथली नव्हती, हे मी त्याही वेळी सांगत असे. साहेब आले आणि दालनाचं 'अनुभवकेंद्र' झालं. दारात फोटो काढायला होडी आली. त्या होडीचं शीड अशा बाजूला बांधलं आहे की ती समुद्रात घातली तर आपली आपणच फिरून किनाऱ्याला लागेल. पण फोटोला वारा लागत नाही, हे साहेबांचं उत्तर मला पटलं. 'हात लावू नये' अशा पाट्या आल्या. त्या पाट्या मीच कोरल्या, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही. त्या उत्तम आहेत.

आणि मग आला साहेबांच्या कारकिर्दीचा कळस. 'आपला किनारा, आपल्या वस्तू.' लोकसहभागाचा प्रकल्प. गावागावांत जाऊन घरातल्या जुन्या वस्तू वर्षभरासाठी मागून आणायच्या, मांडायच्या आणि वर्ष संपलं की ज्याच्या त्याला परत करायच्या. कल्पना चांगली होती. मी हे सरळ अर्थाने म्हणतो आहे, पाहुण्यांनी शंका घेऊ नये. लोकांनी दिल्याही. जाळी दिली, वल्ही दिली, वाडीवाल्यांनी चिकू उतरवायच्या झेल्या दिल्या. बायकांनी भांडी दिली.

दांडीच्या सुगंधाताईंनी हंडा दिला. तो आज आपल्यासमोर आहे. अध्यक्षांच्या डाव्या हाताला, प्लॅस्टिकची गुलाबाची फुलं खोचलेला दिसतो, तोच. तांब्याचा आहे, त्यांच्या सासूबाईंच्या सासूबाईंचा. त्या घरातल्या प्रत्येक मुलीला हळदीच्या दिवशी याच हंड्यातल्या पाण्याने न्हाऊ घातलं आहे. आमच्या पाटीवर त्याचं नाव 'मध्यम आकाराचे जलपात्र' असं आहे. मजकूर साहेबांचा, कोरणी माझी. मला कोरणीचे पैसे मिळाले, मतं मांडायचे नाहीत.

तर हंडा देताना सुगंधाताईंनी त्यात मूठभर तांदूळ आणि थोडे सुके बोंबील घातले होते. भरलं भांडं घराबाहेर पाठवायचं, ही आपल्याकडची रीत. संग्रहालयाला ती रीत परिचित नव्हती. हंड्यावर कापड बांधून तो कपाटात गेला आणि काही दिवसांनी दालनात वास सुटला. साहेबांनी उंदीर मेला असं निदान केलं. कपाटं हलवली, मगर उलटी करून पाहिली, बोईसरहून औषध मारणारी माणसं बोलावली. शेवटी बोंबील सापडले. मग कीडनियंत्रणाच्या नियमानुसार आतला ऐवज टाकून देण्यात आला, हंडा पावडरीने घासण्यात आला, आणि तळाची कैक चुलींची काजळी इतकी निघून गेली की सुगंधाताईंनी उद्घाटनाला आल्यावर शेजारच्या कळशीला नमस्कार केला. वस्तूंचं जतन म्हणतात ते हेच.

वर्ष संपलं. साहेब शब्दाचे पक्के. ठरलेल्या दिवशी त्यांनी आपल्या बन्सीला टेम्पो घेऊन वस्तू परत करायला धाडलं. बन्सी मूळचा बीडकडचा. त्याने मला जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण तपशिलात मी फेरफार करत नाही. जाळी लोकांनी घेतली. वल्ही घेतली. झेल्या घेतल्या, वर बन्सीला चिकू खायला दिले. भांडी मात्र एकीनेही घेतली नाहीत. दांडीला हा हंडा घेऊन तो सुगंधाताईंच्या ओट्यावर उभा राहिला.

"मावशी, तुमचा हंडा आणलाय."

त्यांनी कापड उचलून आत पाहिलं. "सायबानं काय सांगितलंय?"

"काय न्हाई. देऊन ये म्हणले."

"मंग ने परत. राहू दे तुमच्याकडंच."

"अहो, तुमचाच हाय की."

"आमचाच हाय, म्हणून तर सांगते. ने."

आणि वर त्याला जेवायला बसवलं. बन्सी म्हणतो, "भाऊ, मला कळंना मावशी रागावल्यात का पाहुणचार करतायत." मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे दोन्ही एकाच ताटात वाढतात.

आता साहेबांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? विचारलं असतं, की बाई, का नको? साहेबांनी असा पोरकट प्रश्न विचारला नाही. त्यांनी निष्कर्ष काढला. वार्षिक अहवालात आलं, 'किनाऱ्यावरील समाजाने आपली पिढीजात भांडी संग्रहालयास उत्स्फूर्तपणे दान केली.' हे वाचून वरच्या मंडळींना भरून आलं. साहेबांना पुण्याच्या मोठ्या संग्रहालयात बोलावणं आलं. आपण आज टाळ्या वाजवल्या त्या त्याच्याबद्दल. जाळी परत घेणारे लोक भांडीच तेवढी दान करतात, याचं नवल एकाही मान्यवराला वाटलं नाही. त्या मान्यवरांत मीही होतो. टाळी मात्र वाजवली नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

आणि मग साहेबांनी मला बोलावून पितळी फलक कोरायला सांगितला. त्यावर दात्यांची नावं, पहिलं नाव सुगंधाताईंचं. फलक लागला की भांडी संग्रहालयाच्या कायमच्या मालकीची. माझ्या भाषणानंतर ज्या फलकाचं अनावरण आहे तो हाच. त्या निळ्या कापडाखाली.

नाव कोरायचं म्हणजे ते नक्की हवं. पूर्ण नाव विचारायला मी दांडीला गेलो. ओट्यावर एक नवं निळं पिंप उपडं वाळत घातलेलं होतं. आपल्या रसायनांच्या कारखान्यांतून येतं ते. सुगंधाताईंची मुलगी अपेक्षा ते आतून साबणाने घासून आली होती आणि हाताचा वास घेऊन तोंड वाकडं करत होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हळद हाय ना पुढल्या आठवड्यात," अपेक्षा म्हणाली. "आई म्हणते, पाणी तापवून यातच ओतू. माझ्या अंगाला हळद लागंल का रंग, ते बघू आता."

"आणि हंडा?"

सुगंधाताई आतून बाहेर आल्या. "हंडा तुमच्या काचेत हाय. तुमी त्या समितीवर बसता ना, भाऊ? बसून काय करता, चा पिता?"

मी म्हटलं, "परत आणला होता, तर तुम्हीच घेतला नाही."

"रिकामा आणला व्हता." एवढंच त्या म्हणाल्या. मग पिंप पायाने बाजूला सारून, "शेजारीण वाटीभर साखर नेते, ती वाटी परत देताना चिमूटभर काय तरी घालते. मीठ घालंल, पण घालंल. लगीनघरात रिकामा हंडा कसा घेऊ मी? पोरीच्या अंगावर त्यातलं पाणी घालायचं हाय."

"मग सांगा ना तसं. साहेब माणूस वाईट नाही. मी सांगतो."

"नाय सांगायचं." ओट्यावर हात आपटून म्हणाल्या. "मागून घालून घेतलं तर ते काय घातलं? ती भीक झाली. तुमी एक शब्द बोलायचा नाय, भाऊ. माझी आण हाय."

सभाजनहो, आण घातली म्हणजे विषय संपला. म्हणून मी साहेबांना गेल्या आठवड्यात काहीही सांगितलं नाही, काल काही सांगितलं नाही आणि आत्ताही काही सांगत नाही. मी निरोपाचं भाषण करतो आहे. निरोपाच्या भाषणात आठवणी सांगाव्यात असं प्रतीक्षाताईंनीच मला फोनवर कळवलं होतं. आठवणी ऐकून कुणाला काही वाटलं तर त्याला वक्ता जबाबदार नाही.

फलकाचं मात्र सांगायला हवं, म्हणजे पाहुण्यांची अडचण व्हायला नको. कापड ओढाल तेव्हा आत कोरा फलक निघेल. चारही कडा काटकोनात आहेत, पॉलिश उत्तम आहे, अक्षर एकही नाही. माझं काम वेळेत झालं नाही असं या तालुक्यात कुणी म्हणू शकणार नाही. पण पितळेवर एकदा कोरलं की पुसता येत नाही, आणि खोटं कोरायला माझी छिन्नी चालत नाही. या एका बाबतीत ती माझ्यापेक्षा शिकलेली आहे.

अजून एक निरीक्षण नोंदवतो. आज व्यासपीठ सजवताना हा हंडा आणून ठेवला आणि कुणालातरी वाटलं की रिकामा बरा दिसत नाही. म्हणून फुलं खोचली. बघा, रीत आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त प्लॅस्टिकची.

तर थोडक्यात परिस्थिती अशी. हंडा इथे आहे. अपेक्षाची हळद उद्या आहे. सुगंधाताई तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी आहेत. त्यांना दात्या म्हणून बोलावलं आहे हे त्यांना दारातला बोर्ड वाचून कळलं. त्या 'साहेब चालले' एवढं ऐकून आल्या होत्या. बन्सी टेम्पो घेऊन बाहेर उभा आहे. आणि साहेबांच्या मांडीवर शाल आहे, शालीवर नारळ आहे. मी काहीही सुचवत नाही. सुचवून केलेलं चालत नाही, हे आत्ताच सांगून झालं.

आता साहेबांच्या वक्तृत्वाकडे वळतो. साहेब बोलू लागले की...

बसा साहेब, माझं अजून दीड पान बाकी आहे.

बरं, उठलाच आहात तर उठा. सावकाश, माईकची वायर आहे. फुलं अध्यक्षांकडे द्या, ते धरतील. नारळ हंड्यात शेंडी वर करून ठेवा साहेब, आडवा नको. हां. तपशील आहे, पण महत्त्वाचा आहे.

सुगंधाताई, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. मी कुणाला काही म्हणालो का? एवढं सभागृह साक्षीला आहे.

काय म्हणता? मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही. "शाल नको, नारळ पुरे." ऐकलंत साहेब, शाल आपली आपल्याकडेच ठेवा. पुण्यात थंडी असते.

अध्यक्षमहोदय, अनावरणाचं काय करायचं ते आपण ठरवा. आत कपाटात आणखी परात आहे, कळशी आहे, तपेली आहेत. समितीची पुढची बैठक नारळवाल्याकडेच घेतली तर चहाचा खर्चही वाचेल.

आता साहेब, तुमच्याकडे पाहतो तर शाल खांद्यावर गेली आणि तुमचे हात रिकामे झाले. निरोपाच्या दिवशी माणूस रिकाम्या हाताने जावा, हे तरी बरं दिसतं का? पण काळजी नसावी. मघापासून तिसऱ्या रांगेच्या आसपासची मंडळी नाकाला रुमाल लावून इकडेतिकडे बघत आहेत. इथे उंदीर मेलेला नाही. सुगंधाताईंच्या मांडीवर जी पिशवी आहे ती त्यांनी घरूनच भरून आणली आहे, हंडा मिळणार की नाही हे माहीत नसताना. कुणाला निरोप द्यायला त्यांच्याकडे मोकळ्या हाताने जात नाहीत. या खेपेला फेकू नका साहेब. कोकमाची दोन सोलं टाकून कालवण छान होतं.

मला बोलायची संधी दिलीत आणि दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिलंत, याबद्दल विश्वस्त मंडळाचा आणि पाहुण्यांच्या घड्याळाचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही टोचलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझा हात छिन्नीचा आहे, मऊ बोलायचं शिक्षण राहून गेलं. मी इथेच थांबतो. बन्सी, टेम्पो दाराशी घे. आणि हंडा पुढे सुगंधाताईंच्या मांडीवर दे, मागे टाकू नकोस, नारळ कलंडेल.