अध्यक्षांचा नारळ

अन्नपूर्णाबाई : पाहा, पाहा! पुन्हा काठावरून सांडलं. सारं माह्या विहिरीकडं चाल्लं!

लेले ओव्हरसियर : बाई, घाणपाण्याची टाकी नवी आहे. थोडं हिंदकळायचंच.

अन्नपूर्णाबाई : थोडं? घडीत चढते, घडीत उतरते. आत झोका बांधला काय?

पुंजाजी : सायेब, ह्या पंपवाल्यावर नका ढकलू बरं. पंप त्या तरंगत्या डब्याचं ऐकते, माहं नाही.

लेले : डबाच उशिरा उठतोय. पाणी काठाशी आलं की मग पंप सुरू. तो एकदम ओढतो, बंद पडतो, आणि नळातलं पाणी उसळून माघारी येतं. परवापासून डब्यावर वजन आलंय.

पुंजाजी : परवा तं नगरपालिकेच्या अध्यक्षाइनं टाकीचं उद्घाटन केलं.

लेले : तेच म्हणतोय.

पुंजाजी : म्हंजे, अध्यक्षाइचा नारळ?

लेले : मी नारळ म्हणालो नाही.

अन्नपूर्णाबाई : अहो, मंग सोडा ना तो!

पुंजाजी : कसा सोडू, बाई? अध्यक्षाइनं सोताच्या हातानं डब्याच्या डोक्यावर बांधला. फोटू निघाला. मी रोजंदारीवरचा मानूस. आज सोडीन, उद्या घरी बसीन.

लेले : मी वर लिहितो. काठ वीतभर उंच करायची मंजुरी मागतो.

अन्नपूर्णाबाई : नारळापायी भिंत?

लेले : भिंतीला मंजुरी मिळते, बाई. नारळ सोडायला कोण देणार?

अन्नपूर्णाबाई : घ्या, हा तांब्या. माह्याच विहिरीचं पाणी आहे.

लेले : मला तहान नाही.

अन्नपूर्णाबाई : मघापासून घाम पुसून राह्यले तुम्ही!

पुंजाजी : सायेब, पुन्हा चढलं! सांडते आता!

अन्नपूर्णाबाई : सरका बाजूले. इळा आहे माह्याजवळ.

लेले : बाई, हात लावू नका! अध्यक्ष विचारतील!

अन्नपूर्णाबाई : सांगा, बाईनं कापला. मले कोन्त्या नोकरीवरून काढतीन ते?

(दोरी तुटते. नारळ टाकीत पडतो. पंप सुरू होतो, पाणी उतरतं.)

पुंजाजी : पुन्हा भरलं... उठला! काठाच्या हातभर खालीच उठला डबा!

लेले : बसलं पाणी. अध्यक्षांना सांग, तुमच्या हातगुणानं बसलं.

पुंजाजी : अन् नारळ?

लेले : तरंगू दे. स्वतःच उतरला म्हणू.

अन्नपूर्णाबाई : काय सांगायचं ते सांगा. आता तरी पाणी प्या, सायेब.

लेले : आज... आज नको, बाई.

अन्नपूर्णाबाई : मंग माह्या नाती आज काय पेतीन?