फादर पॉल परत का गेले

मंडळी, सुट्टीचा दिवस असूनही तुम्ही लांबलांबून आलात. ग्योतोकुचा हा हॉल आपण टोकियोकडची मराठी मंडळी एरवी हळदीकुंकवाला घेतो, मुलांच्या वाढदिवसाला घेतो. आज इथे उभं राहून श्रद्धांजलीचं बोलायची सवय नाही मला. सांभाळून घ्या.

आपले फादर पॉल गेले. तुरुंगातच त्यांनी प्राण सोडला. इथून गेल्यावर ते त्यांच्या देशात महागुरू, म्हणजे बिशप झाले होते. पण माझ्या तोंडी फादरच बसलंय. त्या देशाचं नाव मी घेत नाही. तिथे कम्युनिस्ट राजवट आहे आणि फादरच्या घरची माणसं अजून तिथेच राहतात.

मी वसईची. तो मोठा भूकंप झाला, तेव्हा आम्हाला जपानमध्ये येऊन चारच महिने झाले होते. रिया तान्ही. हे ऑफिसच्या कामाने ओसाकाला. गाड्या बंद, लिफ्ट बंद, नळ कोरडे. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बघते तर दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन फादर उभे! सात मजले चढून आले होते. चर्चमध्ये आमची एकदाच भेट झाली होती, एकदाच. मी रडायला लागले. तर म्हणाले, "आधी बाळाचं दूध. रडणं नंतर."

तेव्हापासून ते आपलेच झाले. कुलकर्णीकाकू, तुम्ही थालीपीठ वाढताना विचारलंत, "फादर, चालेल ना तुम्हाला?" आठवतं काय म्हणाले? "काकू, देवाची हरकत नाही. दुसरं वाढा."

मग तिकडच्या महागुरूंना सरकारने पकडलं. रोमशी नातं तोडा, आम्ही नेमू त्यांनाच माना, असा हुकूम होता. त्यांनी मानला नाही. त्यांच्या जागी रोमने गुपचूप फादरना निवडलं. मला कळलं, तेव्हा मी भांडले त्यांच्याशी.

"नका जाऊ. इथेही लोकांना तुमची गरज आहे."

"इथे मी नसलो, तर दुसरा कोणी येईल. तिथे कोण येणार?"

"मारतील ते तुम्हाला!"

मग हळूच म्हणाले, "मला भीती वाटते. खूप वाटते. कोणाला सांगू नकोस."

आज सांगितलं, फादर. माफ करा मला.

ते गेले. आज या गावी, उद्या त्या गावी. बंद दाराआड मिस्साची उपासना केली, लपून तरुणांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. काही वर्षांनी पकडले गेले. त्यांच्याबरोबर कोठडीत असलेले एक गृहस्थ सुटून टोकियोला आले. त्यांनी मला पुढचं सांगितलं.

तुरुंगातले अधिकारी फादरपुढे पुन्हा पुन्हा कोरा कागद ठेवायचे. "ज्यांना दीक्षा दिली, त्यांची नावं लिही." फादर एकच नाव लिहायचे. स्वतःचं. पुढे मूत्रपिंडं निकामी होत गेली, पाय सुजले. "नावं लिही, उद्याच हॉस्पिटलमध्ये नेतो." पुन्हा कागद. पुन्हा तेच एक नाव. शेवटी पेन धरवेना, तेव्हा त्यांनी मान हलवून नकार दिला.

त्यांनी दीक्षा दिलेल्यांपैकी एकही जण पकडला गेला नाही, मंडळी. एकही नाही.

मी विचारते, इतकं घाबरणारा माणूस इतका घट्ट कसा राहिला?

त्यांचं शव घरी दिलं नाही. प्रार्थना करायची नाही, कोणाला बोलवायचं नाही, आवाज बाहेर जाता कामा नये, अशी त्यांच्या थोरल्या बहिणीला ताकीद आहे. त्या गृहस्थांकरवी परवा तिचा निरोप आला. "तिथे तुम्ही जमणार असाल, तर माझ्या वाटचंही रडा. मोठ्याने रडा."

चला, उभे राहू या. दोन मिनिटं शांतता पाळू या. पण ज्याला हुंदका येईल, त्याने आज तो आवरू नये.