चिंचोली फाट्यावर गाडी कोण चालवत होते

पोलीस ठाणे जिंतूर, जि. परभणी

जबाब देणार : चतुराबाई बजरंग शेवाळे, वय ५७ वर्षे, शिक्षण चौथी, व्यवसाय शेती व घरकाम (पूर्वी चहाचे हॉटेल), रा. येलदरी कॅम्प, ता. जिंतूर
जबाब लिहून घेणार : महिला पोलीस हवालदार अपेक्षा पौळ

मी वरील चतुराबाई आज आपण होऊन ठाण्यात आले असून, विचारल्यावरून खालीलप्रमाणे सांगते.

मी वरील ठिकाणी पती बजरंग, वय ६३, यांच्यासह राहते. आम्हाला एकच मुलगी आहे, भक्ती. ती परभणीला दिलेली असून तिथेच बालवाडीत शिकवते. आमची येलदरी शिवारात थोडी कोरडवाहू जमीन आहे. पूर्वी सव्वीस वर्षे जिंतूर ते येलदरी रोडवर चिंचोली फाट्याला आमचे चहाचे हॉटेल होते. रस्ता रुंद झाला तेव्हा ते काढावे लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यंदाच्या भोगीच्या दिवशी सकाळी मी व माझे पती आमच्या जुन्या लुनावर जिंतूरला तीळ, गूळ व सुगडी आणायला गेलो होतो. परत येताना पतींनी चिंचोली फाट्याला गाडी थांबवली. ते दर खेपेला थांबवतात. हॉटेलच्या जागेवर आता डांबराची कड आणि मुरूम आहे, पण मागचा लिंब राहिला आहे. त्याच्याकडे तोंड करून ते उभे राहतात व म्हणतात, "इथं भट्टी व्हती. हितं दत्तरावची बाज." दत्तराव म्हणजे हॉटेलवर उतरणारे जुने ड्रायव्हर. मला ते पाठ आहे, तरी मी ऐकते. त्या दिवशीही ते रस्त्याकडे पाठ करून, डांबरापासून बरेच आत उभे होते. मी लुनाजवळ सुगडी धरून होते.

त्यावेळी जिंतूरकडून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक जोरात आला. त्याच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर होता. ट्रकने ट्रॅक्टरला डाव्या अंगाने काढायला पाहिले व तो डांबर सोडून मुरमावर उतरला. मी ओरडले. पती वळेपर्यंत ट्रकचा धक्का लागून ते पडले व मागचे चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेले. माझ्या हातातली सुगडी कधी पडली ते मला सांगता येत नाही.

ट्रक पुढे जाऊन थांबला. चालकाच्या बाजूचे दार उघडून योगीराज दत्तराव मुंढे, वय अंदाजे २४, हा उतरून पळत आला. ट्रकमध्ये दुसरे कोणी नव्हते. त्याने आधी माझे तोंड पाहिले, मग खाली पडलेल्यांचे. तो म्हणाला, "काकू, तुमी?" आणि रस्त्यावरच खाली बसला. ट्रॅक्टरवाला परगावचा होता, कोणाला ओळखत नव्हता; त्याने १०८ ला फोन केला. पती शुद्धीवर नव्हते. योगीराजने अंगातला शर्ट काढून त्यांच्या पायाला आवळून बांधला व रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचे डोके मांडीवर धरले. हेही लिहावे, कारण ते खरे आहे. मग त्याला एक फोन आला. फोन झाल्यावर तो ट्रक घेऊन गेला. ट्रकचा नंबर मला आठवत नाही, पण ट्रक दत्तराव मुंढे यांचा आहे हे मी खात्रीने सांगते. नंबर पंचनाम्यात आलेला आहे.

पतींना परभणीच्या दवाखान्यात नेले. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ते अद्याप तिथेच दाखल असून भक्ती त्यांच्याजवळ आहे. त्यामुळे मला जबाबासाठी येण्यास उशीर झाला.

दत्तराव मुंढे यांना मी कशी ओळखते असे विचारले असता सांगते की, ते मूळचे राणीसावरगावचे. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा ते दुसऱ्याची गाडी चालवत आणि आमच्या हॉटेलवर उतरत. तेव्हा हा रोड एकेरी होता. हिंगोलीकडून येणाऱ्या गाड्या उतारावर असतानाच हॉर्नवरून कळे कोण आले. पती हॉर्न ऐकून दूध चढवत, आणि गाडी थांबेपर्यंत कपात चहा असे. लिंबाखाली सहा बाजा होत्या. ड्रायव्हर लोक हौदावर तोंड धुऊन तिथे पडत. नागपूरकडचे संत्री देऊन जात, कोणी नारळ, कोणी मिरची. येलदरीच्या धरणावरच्या बाया मासे घेऊन येत, ते मी तिखट करून ठेवी. वास गेला की चालती गाडी थांबे. कोणाच्या बायकोचे पत्र आले तर पती वाचून दाखवत. मला त्या दिवसांत कधी एकटे वाटले नाही. सासर म्हणून मला तो फाटाच आठवतो.

इथे हवालदार ताई म्हणाल्या, "मावशी, एवढं मागचं जबाबात लागत न्हाई." मी त्यांना म्हणाले, "मागचं लिवलं न्हाई तर पुढचं कुणाला कळायचं न्हाई. लिवा." त्यावरून पुढील मजकूर लिहिला आहे.

भक्तीच्या वेळी मला दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या. श्रावण होता, ओढ्याला पाणी आले होते आणि एस.टी. बंद होती. दत्तराव गाडीत मीठ भरून येलदरीकडे निघाले होते. त्यांनी ओढ्याच्या अलीकडे भर रस्त्यात गाडी फिरवली. मला केबिनमध्ये झोपवून जिंतूरला नेले. पूर्ण वाटेत ते एकच बोलत होते, "वहिनी, खड्डा येयलाय, धरा." दवाखान्यात पोहोचताच भक्ती झाली. उशीर झाला असता तर दोघी राहिल्या नसत्या असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मीठ उशिरा पोहोचले म्हणून मालकाने दत्तरावांना कामावरून काढले. ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही. आम्हाला वर्षभराने दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळले.

पुढे त्यांनी स्वतःची गाडी घेतली, मग दुसरी. पहिल्या गाडीची पूजा आमच्या हॉटेलसमोर झाली व नारळ पतींनी फोडला. योगीराज लहान असताना बापाबरोबर यायचा आणि चहात खारी बुडवून खायचा. खारी कपात पडली की रडायचा, मग मी चमच्याने काढून द्यायची. त्यामुळे त्याचे तोंड ओळखण्यात माझी चूक होणे शक्य नाही.

घटनेनंतर दत्तराव दवाखान्यात आले. पती झोपेत होते. दत्तराव पायथ्याशी बसले. त्यांचा हात सवयीने चादरीवर गेला, जिथे पाय नाही तिथे. तो त्यांनी उचलून घेतला. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "वहिनी, पोराकडं मोठ्या गाडीचं लायसन न्हाई. आपला ड्रायव्हर भागवत त्या दिवशी सोयऱ्याकडं गेला व्हता, गाठी पोचवायच्या व्हत्या, म्हणून मीच पोराला बसीवलं. तुमी जबाबात भागवतचं नाव सांगा. तो तयार हाय. विमा कंपनीकडून तुमाला भरपाई भेटंल, माझ्या गाड्या राहतील, पोरगं वाचंल. कुणाचंच वाईट होत न्हाई." मी विचार करते म्हणाले. ते हात जोडून उभे होते. त्यांनी भक्तीच्या वेळची आठवण काढली नाही. काढली असती तर मला त्यांच्यावर रागावता आले असते.

भागवत हे दत्तरावांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर आहेत. तेही आमच्याकडे चहाला थांबत. दुसऱ्या दिवशी ते भेटायला आले असता मी विचारले, "भागवत, गाडी तुमी चालवत व्हता का?" ते म्हणाले, "न्हाई." मी म्हणाले, "मग?" ते म्हणाले, "मालक माझ्या पोरीच्या लग्नात मांडवात उभा व्हता. मपलं आता वय झालं वहिनी, कोर्टाच्या चार तारखा मी करीन." लायसन गेले तर खाणार काय असे मी विचारले.

भक्तीने मला वकील प्राचीताई यांच्याकडे नेले. त्यांनी समजावून सांगितले की, पोलिसांत नोंद झाली की परभणीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत भरपाईचा दावा लावता येतो. तो चालक, मालक व विमा कंपनी यांच्यावर असतो, आणि त्यात औषधपाणी, बसवायचा पाय, बुडालेली कमाई व सोसलेले दुखणे हे सर्व धरतात. चालवणाऱ्यावर फौजदारी खटला वेगळा चालतो. चालकाकडे परवाना नसेल तर न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला जखमी माणसाला आधी द्यायला लावते, मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. मी विचारले, "म्हंजे दत्तरावच्या गाड्या जातील?" त्या म्हणाल्या, "जाऊ शकतात, मावशी. लोकअदालतीत तडजोड बी होती, पण ती खऱ्या माणसांत. खोटा चालक उभा केला अन् ते उघडं पडलं, तर तुमचा दावाच अडचणीत येईल. वरून निरपराध माणूस गुन्हेगार होईल."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी भक्तीला म्हणाले की, त्या माणसाने तुला जगात आणले. भक्ती वडिलांना दादा म्हणते. ती म्हणाली, "मग दादांच्या पायानं ते फेडायचं का, आई? अन् माझ्यासाठी भागवत काकांनी कोर्टात उभं राहायचं?" तिचा आवाज चढला नाही.

जबाबात काय सांगू, असे मी पतींना विचारले. ते छताकडे पाहत म्हणाले, "मी पाठमोरा व्हतो. पाह्यलं ते तू एकटीनं." मग म्हणाले, "दत्तरावला म्हणावं, येत जा. जबाब काही बी असू दे, येत जा."

आज मी ठाण्यात आले तेव्हा बाहेरच्या बाकावर भागवत धुतलेले कपडे घालून बसलेले होते. आपणच गाडी चालवत होतो असा जबाब देण्यासाठी त्यांना दत्तरावांनी आणले आहे, असे मी विचारल्यावर त्यांनी सांगितले. दत्तराव व योगीराज रस्त्यापलीकडे गाडीत बसून होते. मी आत आले.

तरी माझे सांगणे असे की, भोगीच्या दिवशी चिंचोली फाट्यावर माझ्या पतीस ज्या ट्रकने जखमी केले, तो ट्रक योगीराज दत्तराव मुंढे हा चालवत होता. भागवत तिथे नव्हते. माझा मुंढे कुटुंबाशी कोणताही वाद किंवा वैर नाही व कधीही नव्हते. मी हे कोणाच्या धाकाने किंवा शिकवणीने सांगत नाही. पतीच्या भरपाईसाठी आम्ही न्यायाधिकरणात दावा लावणार आहोत. योगीराजने जखमीजवळ थांबून केलेली मदत कोर्टासमोर यावी अशी माझी विनंती आहे.

हवालदार ताईंनी वरील मजकूर मला मोठ्याने, माझ्या बोलीत समजेल असा वाचून दाखवला. वाचन चालू असताना जे घडले तेही माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे. दत्तराव व योगीराज आत येऊन दारात उभे राहिले. वाचन थांबवू का असे ताईंनी मला विचारले. थांबवू नका म्हणून मी सांगितले. दोघांनी ते शेवटपर्यंत उभ्याने ऐकले. ऐकून झाल्यावर दत्तराव बाहेर गेले. त्यांनी भागवतला बाकावरून उठवले, घरी जा म्हणाले, आणि त्या जागेवर योगीराजला बसवले. मग दाराशी येऊन मला म्हणाले, "लिवलं ते बरोबर हाय, वहिनी. सही करा."

मी खाली सही केली आहे.

चतुराबाई बजरंग शेवाळे

समक्ष : महिला पोलीस हवालदार अपेक्षा पौळ